भाड्याचा संगणक



‘क्लाऊड’ म्हणजे ढग. पण या नावाने आपली फसगत होऊ नये. आपली माहिती आभाळात नसते. ती कोणाच्या तरी इमारतीत, कोणाच्या तरी यंत्रावर असते आणि आपण त्या यंत्राचे भाडेकरू असतो. ॲमेझॉनने २००६ साली हा व्यवसाय आरंभिला, तेव्हा एक गिगाबाइट साठवणुकीस महिन्याला १५ सेंट भाडे होते. २०१६ साली तिची यंत्रकेंद्रे मुंबईत आली.

भाड्याचे अर्थशास्त्र पेडणे-डिचोलीच्या माणसाला शिकवावे लागत नाही. लग्नाला मंडप आणि खुर्च्या आपण भाड्याने आणतो. रोजच्या भाताचे भांडे मात्र विकत घेतो. दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी संकेतस्थळावर झुंबड उडते, एरवी तिथे सामसूम असते. एका दिवसासाठी मोठी यंत्रे विकत घेणे हा उघड तोटा होय. उलट, ज्याचे काम बारमाही आणि भरघोस, त्याला भाडे डोईजड होते. ड्रॉपबॉक्स या कंपनीने आपला बहुतांश साठा ॲमेझॉनकडून स्वतःच्या यंत्रांवर हलविला आणि २०१६-१७ या दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचविले. अर्थात, एवढा पसारा असणारे विरळाच. यंत्र, वीज, वातानुकूलन आणि जाणकार माणूस यांचा खर्च लहान संस्थेला पेलत नाही, हे मान्य केले पाहिजे.

खरी गोम आहे ती बाहेर पडण्याच्या दारापाशी. माहिती आत नेण्यास सहसा शुल्क नसते. बाहेर काढताना ते लागते. २०२४ साली गूगल, ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्ट यांनी कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकांना ते माफ केले. त्यामागे युरोपीय संघाच्या कायद्याचा रेटा होता. तथापि एका कंपनीच्या पद्धतीने बसविलेली कामे दुसरीकडे नव्याने बसवावी लागतात. तो खर्च कोणी माफ करीत नाही.

दुसऱ्याच्या साठ्यावर विसंबणे आपल्याला नवे नाही. तिळारीचे पाणी दोडामार्गातील धरणातून येते. कालवा फुटला की अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाला डिचोलीतील आमठाणे धरणाचा आधार घ्यावा लागतो. आमठाणे लहान खरे, पण आपल्या हद्दीत.

शाळेचे जनरल रजिस्टर, ज्यावरून आपणांपैकी अनेकांनी जन्मतारखेचा दाखला घेतला असेल, ते उद्या क्लाऊडवर जाईल, जावेही. मात्र त्याची पूर्ण प्रत शाळेच्या कपाटात वेगळ्या डिस्कवर राहील काय, आणि वर्षातून एकदा ती उघडून पडताळण्याचे काम कोणाकडे असेल, हे व्यवस्थापक मंडळाने करारावर सही करण्यापूर्वी ठरवावे. त्या डिस्कला काही हजार रुपये पडतील.