कापसाच्या रानातलं गाणं आणि गिरणगावातलं गाणं

(पनवेल येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय ब्लूज संगीताचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांच्या गाण्याचा आहे, आणि मी बोलणार आहे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावच्या लोककवी वामन तबाजी कर्डकांबद्दल, म्हणजे वामनदादांबद्दल. विषय सोडून बोलतोय असं कुणाला वाटेल. पण माझ्या मते ब्लूज गाणाऱ्या थोर कलावंताची मराठी मुलखातली खरी जोडी लावायची, तर ती वामनदादांशीच लागते.

आधी दोन तारखा सांगतो. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात मडी वॉटर्स नावाचा काळा तरुण, पुढे ब्लूजचा थोर गायक झालेला, मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. 1941 साली अॅलन लोमॅक्स हे संग्राहक तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी लोकगीतं ध्वनिमुद्रित करत त्याच्या दारी आले. आपलाच आवाज तबकडीवर ऐकल्यावर या तरुणाला पहिल्यांदा वाटलं की आपण गाणारे आहोत. 1943 साली तो मळा सोडून आगगाडीनं शिकागोला गेला, दिवसा कारखान्यात राबला आणि रात्री गायला. त्याच 1943 साली, 3 मे रोजी, मुंबईत एका कामगारानं आपलं पहिलं गाणं रचलं. ते एका हिंदी गाण्याचं विडंबन होतं. हा कामगार म्हणजे आपले वामनदादा. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. दोघं गाव सोडून शहरात आले होते, आणि ज्या समाजांना माणूस म्हणून मोजलं जात नव्हतं अशा समाजांत दोघं जन्मले होते.

कापूसही दोघांच्या मधे आहेच. 1861 ते 65 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईच्या भरभराटीत त्या पैशाचा मोठा वाटा आहे. पुढे गिरण्या वाढल्या आणि नाशिक, सातारा, कोकणातून माणसं त्यांत कामाला आली. तिकडे कापूस वेचणाऱ्यांचं गाणं, म्हणजे ब्लूज, तयार झालं, इकडे गिरणगावच्या चाळींतलं.

वामनदादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 चा. मुंबईत त्यांनी गिरणीत काम केलं, कोळशाच्या वखारीत काम केलं, चिक्की विकली, आइसफ्रूट विकलं. नट व्हायची हौस होती, म्हणून सिनेमात एक्स्ट्रा म्हणूनही उभे राहिले. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत असताना डॉ. आंबेडकरांच्या समता सैनिक दलाशी त्यांचा संबंध आला. तिथला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. एकानं त्यांच्याकडे पत्र वाचून घ्यायला आणलं. वामनदादांना अक्षरओळख नव्हती. त्यांना रडू कोसळलं. मग देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना बाराखडी शिकवली, आणि जोडाक्षरं ते रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत शिकले. विशीतला माणूस दिवसभर राबून एकेका पाटीपुढे उभा राहतो, अक्षर अक्षर लावतो, आणि पुढे हजारो गाणी लिहितो. मराठी साहित्याच्या इतिहासात या घटनेला स्वतंत्र प्रकरण मिळायला हवं.

आता गाण्याकडे येऊ. ब्लूजची साधी बांधणी अशी: पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. ओळ दोनदा आली की ऐकणाऱ्याच्या तोंडी बसते आणि गाणाऱ्याला पुढचं सुचायला उसंत मिळते. आपल्याकडच्या भीमगीतांच्या, म्हणजे डॉ. आंबेडकरांवरच्या गाण्यांच्या, गायन पार्टीत काय होतं? गायक मुखडा टाकतो, कोरस तो उचलतो, ढोलकी आणि बेंजो त्याला धरून ठेवतात. अंतऱ्याआधी गायक एखादा शेर फेकतो, पेटीवाला नुसता सूर धरून थांबतो, आणि शेर संपता संपता ढोलकीची थाप पडून सगळे पुन्हा मुखड्यावर येतात. मधेच कुणी पाच-दहा रुपये बक्षीस देतो, त्याचं नाव पुकारलं जातं, तरी ताल तुटत नाही. हे कसब आहे आणि त्याला रियाज लागतो. चाल पुष्कळदा सिनेमाची असते म्हणून नाक मुरडणारे भेटतात. त्यांना मी सांगेन की ब्लूजवालेही एकमेकांच्या चाली आणि ओळी बिनदिक्कत घेत. चाल सगळ्यांची, त्यात तुम्ही काय ओतता ते तुमचं.

वामनदादांनी काय ओतलं? त्यांचा पहिला संसार मोडला, लेक गेली. ब्लूजचा गायक अशा वेळी स्वतःचं दुःख मांडून बसला असता, आणि त्यात गैर काहीच नाही. वामनदादांच्या गाण्यातला 'मी' मात्र सारखा 'आम्ही'कडे वळतो. भीमरावांनी, म्हणजे डॉ. आंबेडकरांनी, आम्हाला काय दिलं हे ते सांगतात. आणि धनवंतांना नावानिशी विचारतात, या देशात आमचा वाटा कुठे आहे? स्वतःसाठी ते शेवटच्या कडव्यात 'वामन' एवढीच नाममुद्रा ठेवतात, संतांनी ठेवावी तशी. दुःखाचा हिशेब मागणारं हे गाणं मला ब्लूजच्या एक पाऊल पुढचं वाटतं, आणि हे मी पूर्ण जबाबदारीनं म्हणतो.

'वाटचाल' हा त्यांचा संग्रह 1973 साली आला, नंतर 'मोहोळ' आणि 'हे गीत वामनाचे'. 1993 साली वर्ध्याच्या पहिल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 15 मे 2004 रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. पण अध्यक्षपदासारख्या सन्मानांपेक्षा मला त्यांची गावोगावची पायपीट मोठी वाटते. जिथे गेले तिथे गाणी दिली, शिष्य घडवले, आणि पुढे निघाले.

मडी वॉटर्सच्या मळ्यावरच्या त्या तबकड्या आजही जपलेल्या आहेत. आपल्याकडे भीमगीत बहुतेकांच्या कानावर आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीतल्या कर्ण्यातूनच पडतं, आणि खिडकी लावून घेतली की संपतं. शास्त्रीय गाण्याला देतो तेवढं लक्ष आपण त्याला कधी दिलेलं नाही.

पनवेलवर तर या गाण्याचं ऋण जास्तच आहे. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांचा सत्याग्रह झाला. त्याच्या स्मरणासाठी दर मार्चमध्ये मुंबईकडून महाडला जाणारी किती माणसं पनवेलवरून पुढे जातात! आणि आपल्या तालुक्यातल्या लग्नांत धवलारिणी, म्हणजे लग्नगीतं गाणाऱ्या बायका, गातात. त्यांच्या गाण्यांची जी अवस्था, तीच गायन पार्ट्यांच्या गाण्यांची: जुन्या पिढीबरोबर चाली निघून चालल्या आहेत.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबांची गाण्यांची वही असेल, तर ती रद्दीत घालू नका. शब्द वहीत सापडतील, चाल सापडणार नाही. ती घरातल्या वडीलधाऱ्यांकडून गाऊन घ्या आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. गाणाऱ्याचं नाव, गाव, साथीला कोण होतं आणि हे गाणं पहिल्यांदा कुठे ऐकलं, एवढं सुरुवातीला त्यांच्याच आवाजात बोलून घ्या. वही आणि ध्वनिमुद्रण दोन्हींची एकेक प्रत गावच्या वाचनालयात द्या.