मुलांचे संस्कार आणि इस्लामी विचारपरंपरा (स्वागताध्यक्षीय भाषण)

मूल ही आईवडिलांकडे सोपवलेली अमानत आहे, असे इमाम अबू हामिद गझाली (१०५८–११११) मानतात. ‘इह्या उलूमुद्दीन’ या त्यांच्या ग्रंथात मनाला वळण लावण्यावर स्वतंत्र प्रकरण असून बालसंस्कारांचा विचार त्यातच येतो. लहान मुलाचे मन निर्मळ व कोरे असते, वळवावे तिकडे ते वळते. म्हणून त्याच्या घडण्या-बिघडण्यात आईबाप आणि गुरू दोघेही वाटेकरी ठरतात.

ही शिकवण जेवणापासून सुरू होते. बिस्मिल्लाह म्हणून उजव्या हाताने, आपल्या पुढ्यातलेच खावे. घाई करू नये, दुसऱ्याच्या घासाकडे टक लावून पाहू नये. कधीमधी कोरड्या रोटीवरही भागवता यावे. वडिलांच्या मालमत्तेची, कपड्यांची, इतकेच काय, स्वतःच्या पाटी-दौतीचीही फुशारकी सवंगड्यांपुढे मारू नये. अकीदा, म्हणजे श्रद्धेची मूलतत्त्वे, मुलाने आधी पाठ करावा, अर्थ वयाबरोबर उलगडत जाईल, असेही गझाली सांगतात.

मुलाला लाज वाटू लागणे हे त्यांच्या मते अक्कल उमलल्याचे लक्षण आहे. त्या लाजेला जपण्यावरच त्यांची सारी शिस्त उभी आहे. चांगल्या वागणुकीचे चारचौघांत कौतुक करावे. चूक पहिल्यांदा झाली तर पाहून न पाहिल्यासारखे करावे. पुन्हा झाली तर एकांतात समजावावे, आणि तेही वारंवार नाही, कारण रोजच्या बोलण्याने मूल निर्ढावते. मकतब, म्हणजे कुराण शिकण्याची प्राथमिक शाळा, सुटल्यावर खेळ हवाच. खेळ तोडून सतत अभ्यासाला जुंपले तर मन मरते, बुद्धी बोथट होते. नऊ शतकांपूर्वीचा हा सल्ला आजच्या शिकवणीवर्गांच्या धबडग्यात अधिकच मोलाचा आहे.

ट्युनिसमध्ये जन्मलेले इतिहासकार इब्न खल्दून (१३३२–१४०६) ‘मुकद्दमा’ या आपल्या ग्रंथात आणखी पुढे जातात. धाकात वाढलेले मूल मार चुकवण्यासाठी खोटे बोलते, आणि कालांतराने लबाडी हाच त्याचा स्वभाव बनतो, असे त्यांचे निदान आहे. तरीही या परंपरेने छडी पूर्णपणे नाकारली नव्हती, मर्यादित केली होती. शिवाय या ग्रंथांत बहुतेक ठिकाणी मुलगाच गृहीत धरलेला आहे. या दोन्ही बाबतींत आज पुढे जाणे भाग आहे: शिक्षण हक्क कायदा, २००९ शाळेतील शारीरिक शिक्षेला मनाई करतो, आणि या संस्कारांवर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या, धानाच्या शेतीवर आणि भातगिरण्यांवर जगणाऱ्या गोंदिया जिल्ह्यात हा विषय पुस्तकी नाही. पहाटे मकतबात ‘कायदा’, म्हणजे अरबी अक्षरओळखीची पुस्तिका, गिरवणारे मूल पुढे मराठी किंवा उर्दू शाळेच्या बाकावर बसते. एकाच दिवसात त्याला दोन गुरू भेटतात, आणि त्या दोघांची एकमेकांशी ओळख असावी, यासाठीच ही परिषद भरली आहे. त्यासाठी आलेल्या मौलाना, शिक्षक-शिक्षिका, पालक आणि अभ्यासक या सर्वांचे स्वागत समितीच्या वतीने गोंदियात मनःपूर्वक स्वागत.