खासगी शाळा, सरकारी शुल्क

खासगी शाळेत जाणाऱ्या मुलाचे शुल्क सरकारने भरावे, ही कल्पना अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये मांडली. पालकाच्या हाती व्हाउचर द्यावे. तो शाळा निवडील आणि मुले टिकवण्यासाठी शाळा सुधारतील, असा त्यांचा हिशेब होता. चिलीने १९८१ मध्ये ही पद्धत देशभर लागू केली.

भारतात व्हाउचर नाही, पण त्याचा चुलतभाऊ आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या बाराव्या कलमानुसार विनाअनुदानित खासगी शाळांना पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्या लागतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यातून वगळल्या आहेत. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. पालक ऑनलाइन अर्जात घराचे ठिकाण नकाशावर दाखवतो, शाळांची नावे भरतो आणि सोडतीची वाट पाहतो. ‘नंबर लागला’ तर उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा दाखला घेऊन पडताळणीला धावपळ. फ्रीडमनच्या व्यवस्थेत निवड पालक करतो. इथे शेवटचा शब्द सोडतीचा असतो.

पैसाही पालकाकडे येत नाही. सरकार एका मुलावर करते तो खर्च किंवा शाळेचे प्रत्यक्ष शुल्क, यांतील कमी असेल ती रक्कम शाळेला ‘शुल्क प्रतिपूर्ती’ म्हणून मिळते. महाराष्ट्रात हा दर बराच काळ वर्षाला १७,६७० रुपये होता. तो महागड्या शाळेला परवडत नाही, आणि जे ठरले तेही वर्षानुवर्षे थकते. संस्थाचालकांची ही तक्रार रास्तच म्हणावी लागेल. मात्र तिचा राग वर्गातल्या मुलावर निघणे रास्त नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला ही सक्ती उरली नाही. शहरांत अशी शाळा जवळ नसते कुठे? म्हणजे सूट जवळपास सरसकटच होती. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला.

शाळा बदलल्याने शिकणे किती सुधारते? आंध्र प्रदेशात २००८ पासून सोडतीने व्हाउचर देऊन ते तपासले गेले. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात फरक दिसला नाही. हिंदीत व्हाउचरवाली मुले पुढे होती. खासगी शाळांचा दरडोई खर्च मात्र सरकारी शाळांच्या एकतृतीयांशाहूनही कमी होता.

महाराष्ट्रातील सवलत आठवीपर्यंतच आहे. त्याच शाळेत नववीला बसायचे, तर पूर्ण शुल्क घरून भरावे लागते.