विजेचे वाहन आणि घरचा पॉइंट



रत्नागिरी जिल्ह्यात विजेवर चालणाऱ्या स्कूटर व मोटारी आता दारोदारी दिसू लागल्या आहेत. राज्य शासनाने २०२१ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले व २०२५ मध्ये नवे धोरण स्वीकारले. वाहन घेताना किंमत व पल्ला यांची आपण कसून चौकशी करतो. परंतु ज्या सॉकेटला ते रात्रभर जोडावयाचे, त्याचा विचार क्वचितच होतो.

इस्त्री थोडा वेळ चालते. मोटारीचा घरगुती चार्जर मात्र सुमारे ३ किलोवॅट भार कित्येक तास सलग घेतो. २३० व्होल्टला हा प्रवाह सुमारे १३ अँपिअर होतो. सॉकेटच्या सैल पकडीत ओमचा दहावा भाग एवढा रोध असला, तरी तेथे सुमारे १७ वॅट उष्णता सतत साठत राहते. प्रवाह मर्यादेतच असल्याने एम.सी.बी. पडत नाही. सॉकेट आतून करपत जाते, आणि त्या वेळी घर झोपेत असते.

यास्तव ६ अँपिअरच्या पॉइंटवर वा एक्स्टेंशन बोर्डावर मोटार कदापि जोडू नये. मुख्य बोर्डापासून ४ चौरस मिलीमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर घ्यावी. तिला स्वतंत्र एम.सी.बी. व ३० मिलीअँपिअरचा आर.सी.सी.बी. असावा. सॉकेट १६ अँपिअरचे, आय.एस.आय. चिन्हाचे व चार्जरच्या प्लगला घट्ट बसणारे हवे.

कोकणात आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. खाऱ्या, दमट हवेने पितळी संपर्कावर गंज चढतो; म्हणून पडवीतील सॉकेट झाकणाच्या जलरोधक पेटीत, पागोळ्यांपासून दूर बसवावे. तसेच पावसाळ्यात उत्तम वाटणारे अर्थिंग उन्हाळ्यात जांभा सुकल्यावर कमकुवत होऊ शकते. त्याची मोजणी उन्हाळ्यातच करून घ्यावी.

हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करवावे व आवश्यक तेथे महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा. जोडणीनंतर पहिल्या काही दिवसांत, तासभर चार्जिंग झाल्यावर ते बंद करून प्लगला हात लावून पाहावा. तो चांगलाच तापलेला आढळला, तर सॉकेट बदलेपर्यंत तेथे वाहन जोडू नये. वाहनाच्या किमतीपुढे या जोडणीचा खर्च अल्प आहे; घराच्या सुरक्षिततेपुढे तर तो नगण्यच होय.