मशीन कुणाचं, पैसे कुणाचे?

(किशोरी गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



या सत्राला 'किशोरी आणि लघुउद्योग' असं नाव दिलंय. हे शब्द ऐकले की मला मेणबत्त्या आणि फिनेल आठवतं. वर्षानुवर्षं आपण मुलींना त्याचीच प्रशिक्षणं दिली, आणि त्या मेणबत्त्या बहुतेक वेळा आपणच विकत घेतल्या! त्यामुळे मुलींना काय शिकवावं यावर मी बोलणार नाही. धंदे मुलींना सुचतात. कुणी मेंदी काढते, कुणी इडलीचं पीठ विकते, कुणी राख्या करते. पैसा यायला लागल्यावर घरात काय घडतं, त्याकडे मात्र आपलं लक्ष कमी पडतं. आज तेवढंच बोलू.

आमच्या वस्तीतल्या एका मुलीचं उदाहरण घेते. नाव सांगत नाही. वय सोळा, अकरावीत. आईचं शिलाई मशीन घरात होतं, त्यावर तिनं साड्यांना फॉल लावायला सुरुवात केली. शेजारच्या चार बायकांपासून सुरू झालं, मग गल्लीभर पसरलं. लग्नसराईत इतक्या साड्या आल्या की सहा महिन्यांत तिनं स्वतःच्या कमाईतून जुनं पिको मशीन घेतलं, सात हजारांना. फॉल आणि पिकोचे मिळून ती शंभर रुपये घ्यायची. फॉल, दोरा, वीज यांचे पंचवीस गेले की पंचाहत्तर उरायचे. एका साडीला साधारण तास लागतो. आठवड्याला दहा साड्या, म्हणजे साडेसातशे रुपये, आणि कॉलेजही चालू. घरी कौतुक होतं. होणारच! फीसाठी कुणाकडे हात पसरावा लागत नव्हता.

मग बाजारातल्या एका साडीच्या दुकानदारानं वडिलांना गाठलं. आठवड्याला पन्नास साड्या देतो, फॉल आणि दोरा माझा, नगाला पस्तीस रुपये. वडिलांनी गुणाकार केला, साडेसतराशे झाले, आणि त्यांनी होकार दिला. मुलीला संध्याकाळी कळलं.

आता हाच हिशेब तिच्या बाजूनं करून बघा. पन्नास साड्या म्हणजे पन्नास तास. तासाला पंचाहत्तर मिळवणारी मुलगी आता तासाला पस्तीस मिळवणार. शिवाय सकाळचं पाणी भरणं आणि दोन वेळच्या पोळ्या होत्याच, त्या कुणी कमी केल्या नाहीत. (गठ्ठे आणायला भाऊ जायचा, आठवड्यातून एकदा. त्याला पेट्रोलचे पैसे मिळत.) महिन्याभरात कॉलेज सुटत चाललं. 'धंदा वाढला' असं सगळे म्हणत होते. प्रत्यक्षात तिचा धंदा बंद होऊन ती दुकानदाराची घरखेप मजूर झाली होती. अशा घरबसल्या काम करणाऱ्या बायकांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, असा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ साली झाला. तो व्हावा म्हणून 'सेवा' संघटनेनं जीव तोडून काम केलं होतं. भारतानं त्यावर अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही.

आमच्या गटात प्रत्येक मुलगी वही ठेवते. माल, वेळ, आलेले पैसे आणि ते कुणी ठेवले, असे चार रकाने. या मुलीची वही घेऊन आम्ही तिच्या आईवडिलांबरोबर बसलो. वडील वाईट माणूस नाहीत. तासाचा रकाना त्यांनी आधी कधी पाहिलाच नव्हता. आई मात्र लगेच म्हणाली, "मी बारा वर्षं हेच केलं, कुणी तास मोजले नाहीत." शेवटी आठवड्याला बाराच साड्या घ्यायच्या असं ठरलं. दुकानदारानं उरलेल्या साड्या दोन गल्ल्या पलीकडच्या दुसऱ्या मुलीला दिल्या, त्याच दरानं. मग गटातल्या पाच मुली एकत्र बसल्या आणि पंचेचाळीसच्या खाली कुणीच घ्यायचं नाही असं ठरवलं. पदरात पडले चाळीस. पण बोलणी पहिल्यांदाच मुलींनी केली, वडिलांनी नाही.

आता कायद्याचं. १८ वर्षांखालच्या व्यक्तीनं केलेला करार बांधील नसतो. हा १८७२ च्या करार कायद्याचा अर्थ १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलनं मोहोरी बीबी खटल्यात पक्का केला. त्या खटल्यात कलकत्त्याच्या एका अल्पवयीन मुलानं घर गहाण टाकून सावकाराकडून कर्ज काढलं होतं, आणि गहाणखत रद्द झालं. म्हणजे कायदा मुलांना सावकारापासून वाचवण्यासाठी आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्याची दुसरी बाजूही बघा. मुंबई उच्च न्यायालयापुढचं राजराणी विरुद्ध प्रेम अदीब हे प्रकरण १९४९ सालच्या निकालसंग्रहात आहे. अल्पवयीन मुलीला चित्रपटात भूमिका द्यायचं ठरलं, करार निर्माता आणि वडील यांच्यात झाला, नंतर भूमिका दुसऱ्या नटीला दिली गेली. न्यायालयानं म्हटलं, या करारावर मुलगीही दाद मागू शकत नाही आणि वडीलही नाहीत. तेव्हा आपल्या मुलींनी लांबच्या वायद्यावर मोठं काम अंगावर घेऊ नये. थोडं काम, थोडी उचल आधी, आणि साडी हातात देताना बाकी रोख. उधारीची वही सोळाव्या वर्षी नको. कर्जाच्या कागदावरही तिची सही चालत नाही, आणि तिच्या धंद्यासाठी म्हणून आईच्या नावावर कर्ज काढलं तर ते आईनंच फेडायचं असतं, हे आईला आधी नीट समजावून सांगा.

बँकेत मात्र तिला हक्क आहे आणि तो आपण वापरत नाही. दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः उघडून चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेनं २०१४ साली बँकांना परवानगी दिली, आणि २०२५ साली ती पुन्हा स्पष्ट केली. रकमेची मर्यादा बँक ठरवते. पालक लागलाच तर आई चालते. 'वडिलांनाच घेऊन या' असं खिडकीवर कुणी म्हणालं तर वाद घाला. गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावानं रोखे घेताना पालक म्हणून स्वतः सही केली, तेव्हा वडिलांची सही मागितली गेली. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९९९ साली आईही नैसर्गिक पालक असू शकते असा निकाल मिळवला. १९५६ च्या कायद्यातले 'वडील आणि त्यांच्यानंतर आई' हे शब्द अजून तसेच आहेत, ही गोष्ट वेगळी.

एक सावधगिरीची गोष्ट. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, तेव्हा १४ वर्षांखालच्या मुलांना शाळा सुटल्यावर आणि सुटीत कुटुंबाच्या उद्योगात मदत करायची मुभा ठेवली गेली. धोकादायक कामं वगळून. या पळवाटेतून किती मुली दिवसभर घरात विड्या वळत आणि मणी ओवत बसवल्या जातात ते तुम्ही रोज पाहता. 'मुलीचा धंदा' हे नाव देऊन आपण त्यात भर घालायची नाही. शाळा सुटत असेल तर तो धंदा थांबवायचा, मग तो कितीही चांगला चालत असो.

आणि लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. हातात पैसा आला की मुलीचं लग्न लांबतं असं आपण देणगीदारांना सांगतो. कधी लांबतं. कधी कमावती मुलगी म्हणून स्थळं लवकर येतात. मघाच्या मुलीला सतराव्या वर्षी स्थळ आलं. मुलाकडच्यांनी दोन प्रश्न विचारले: स्वयंपाक येतो का, आणि पिको मशीन बरोबर देणार का. मशीनची पावती वडिलांच्या नावावर होती, त्यामुळे उत्तर द्यायला वडीलच पुढे झाले. मुलगी आतून म्हणाली, "मशीन माझं आहे आणि मला बारावी करायची आहे." स्थळ परत गेलं. आई आठवडाभर तिच्याशी बोलली नाही.

त्यानंतर आमच्या गटात जी काही वस्तू घेतली जाते, कात्री असो की मिक्सर, तिची पावती मुलीच्या नावानंच होते. दुकानदार खळखळ करतात, पण पूर्ण पैसे रोख दिल्यावर नाव लिहायला त्यांचं काय जातं?

आता गटांत बसू. प्रत्येकीनं आपल्या वस्तीतल्या एका कमावत्या मुलीचा मागच्या आठवड्याचा हिशेब मांडायचा आहे, चारही रकाने भरून. चौथा रकाना रिकामा राहिला, तर पैसे कुणी ठेवले ते गावी गेल्यावर मुलीलाच विचारून या. वह्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत.