नाचणीचे माहेर



बंगळूरच्या ज्या कोरमंगला भागात माझे वास्तव्य आहे, तेथे आज संगणकाची कामे करणाऱ्या कंपन्या, उपाहारगृहे आणि उंच इमारती यांचीच दाटी दिसते. परंतु ही वसाहत वसण्यापूर्वी येथे एक खेडे होते, तळी होती, शेते होती. आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ रस्त्याच्या वळणाकडे बोट दाखवून सांगतात, "तिकडे आमची नाचणी असे." त्या वळणावर आता एक खानावळ आहे आणि नाचणी तिथे ताटात तेवढी भेटते, मुद्द्याच्या रूपाने. मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवून वळलेला गोळा.

या खानावळीत एके दुपारी युगांडाहून शिकावयास आलेला एक तरुण माझ्या समोर बसला होता. त्याने मुद्द्याचा घास तोडला, आमटीत बुडवला आणि तो हसू लागला. त्याच्या घरी हाच पदार्थ रोजचा. नाव तेवढे निराळे. ते त्याला 'कालो' म्हणतात. हे कर्नाटकी अन्न तुम्हांस कसे ठाऊक, असे मी विचारले. त्यावर तो म्हणाला, "कर्नाटकी कसे? हे तर आमचे!"

त्याचे म्हणणे खरे होते. इथिओपियापासून युगांडापर्यंतचा डोंगराळ प्रदेश हे नाचणीचे माहेर. तेथून हजारो वर्षांपूर्वी ती समुद्रमार्गे आपल्या देशी आली आणि इतकी रुळली की ती परकी आहे याची कोणाला शंकाही येऊ नये. दक्षिणेत ती रागी झाली, कोकणात नाचणी, नाशिककडे नागली. भातखाचरांच्या वर, वरकस जमिनीवर, राब भाजून केलेली नागली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे पीक किती थोडक्यात भागवते ते सांगावयास नको. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दाण्याला कीड सहसा लागत नाही. पेवात भरून ठेवली तर ती वर्षानुवर्षे टिकते. दुष्काळाच्या मुलखात हा गुण पुष्कळ वेळा जास्त उत्पन्नापेक्षाही मोलाचा ठरतो.

परंतु मला आज सांगावयाचे आहे ते नाचणीच्या दुसऱ्या आगमनाविषयी. मंड्याजवळच्या विश्वेश्वरय्या कालवा शेतीकेंद्रावर लक्ष्मणय्या नावाचे एक संशोधक होते. लोक त्यांना 'रागी लक्ष्मणय्या' म्हणूनच ओळखत. 'कावेरी', 'अन्नपूर्णा' यांसारखे वाण देऊनही त्यांचे समाधान झाले नाही. मग त्यांनी आफ्रिकेतून आलेल्या नाचणीकडे दृष्टी वळवली. तिची कणसे भरदार आणि ताटे दणकट. आपली नाचणी लवकर तयार होणारी. या दोघींचा संकर करावयाचा, असे त्यांनी मनाशी धरले. काम बोलण्याइतके सोपे नव्हते. नाचणीचे फूल अतिशय बारीक, पहाटे उमलणारे, आणि स्वतःच्याच परागाने फळणारे. अशा पिकात संकर साधण्यासाठी दोन कणसे एकमेकांस चिकटवून बांधतात, आणि पुढे हजारो रोपांतून खरा संकर कोणता ते नजरेने निवडतात. या चिकाटीतून १९७०च्या दशकात जे वाण निघाले त्यांना 'इंडाफ' हे नाव मिळाले. 'इंडिया'चा 'इंड' आणि 'आफ्रिका'चा 'आफ'! करप्याला तोंड देणारी, पुढे कर्नाटकात फार पसरलेली 'जीपीयू-२८' ही जातदेखील याच वंशातली.

१९५५च्या बांडुंग परिषदेनंतर नवस्वतंत्र देशांनी एकमेकांस साहाय्य करावे, असे ठराव पुष्कळ झाले. १९६४ साली भारताने परदेशी प्रशिक्षणार्थींसाठी तांत्रिक सहकार्याची योजना काढली. २००४ साली भारत, ब्राझील व दक्षिण आफ्रिका यांनी दारिद्र्य व भूक यांच्या निवारणासाठी निधी स्थापन केला आणि त्यातून गिनी-बिसाऊच्या शेतकऱ्यांना सुधारलेले बियाणे व शिक्षण दिले. हे सर्व स्तुत्यच आहे. तथापि या ठरावांच्या भाषेत एक दाता आणि एक याचक असा भाव नकळत डोकावतो, तो मला खटकतो. नाचणीच्या बाबतीत दाता कोण होता? मंड्याच्या शेतकऱ्याच्या कणग्या भरल्या त्यात आफ्रिकेतल्या अनाम शेतकरी स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या बियांचा वाटा आहे, आणि तो कोणत्याही साहाय्याच्या हिशेबात मांडलेला नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी माणसे भुकेली होती. त्यांपैकी ३० कोटींहून अधिक आफ्रिकेत. म्हणजे ज्या खंडाने आपणांस हे धान्य दिले, तेथे पाच माणसांत एक उपाशी. भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा आपल्याकडे नाचणीची बिस्किटे फार खपली. सुधारलेल्या बियाण्याची परतफेड किती झाली, हा प्रश्न मात्र तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

तो युगांडाचा तरुण शिक्षण संपवून परत निघाला, तेव्हा त्याने मला एकच गोष्ट मागितली: 'जीपीयू-२८'चे मूठभर बी. मला ते देता आले नाही. बियांबरोबर रोग जाऊ नयेत म्हणून खिशातून बी नेण्यास मनाई असते आणि ती योग्यच आहे. वनस्पतींच्या आनुवंशिक संपत्तीसंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ पासून अमलात आहे. त्याच्या यादीत नाचणीचा समावेश असून संशोधनासाठी नमुने ठरलेल्या अटींवर मिळू शकतात. हे मी त्याला समजावून सांगितले, आणि अर्ज कोणत्या संस्थेच्या मार्फत करावयाचा तेही एका कागदावर लिहून दिले. कागद त्याने नीट घडी घालून पाकिटात ठेवला.

मग तो कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि आईसाठी दोन किलो रागीचे पीठ घेऊन आला.