हिरवळीचे यंत्र निवडताना

गवत कापण्याचे यंत्र हा काही भाषणाचा विषय नव्हे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटण्याचा संभव आहे. घरापुढच्या चार हात हिरवळीची निगा राखणाऱ्या गृहस्थाला एखादा विळा किंवा ढकलण्याचे लहानसे यंत्र पुरते आणि त्याचा प्रश्न तेथेच संपतो. परंतु हिरवळ कापणे हाच ज्याचा धंदा आहे अशा मक्तेदारापुढे, आणि त्याला काम देणाऱ्या कचेरीपुढे, हा प्रश्न अगदी निराळ्या स्वरूपात उभा राहतो. बसून चालवण्याची जी मोठी यंत्रे आता आपल्या देशातही मिळू लागली आहेत, त्यांपैकी कोणते घ्यावे? ह्या एका निर्णयात मक्तेदाराचे भांडवल, हिरवळीचे आरोग्य आणि यंत्रावर बसणाऱ्या माणसाचा जीव अशा तीन गोष्टी गुंतलेल्या असतात. म्हणून आज थोडा वेळ आपण ह्या प्रश्नाचा विचार करू.

विचाराला जमिनीचा आधार असावा, म्हणून मी एक ठिकाण डोळ्यांपुढे ठेवतो. चेन्नईच्या दक्षिणेस पेरुंगुडी नावाचे गाव आहे. गाव म्हणायचे ते सवयीने. वस्तुतः २०११ साली ते चेन्नई महापालिकेच्या हद्दीत आले. पूर्वी जुना महाबलिपुरम् रस्ता म्हणून ओळखला जाणारा आणि आता राजीव गांधी सालै हे नाव धारण करणारा हमरस्ता येथून जातो. त्याच्या दुतर्फा संगणक-व्यवसायाच्या टोलेजंग इमारती उभ्या आहेत. गावाच्या दुसऱ्या अंगाला पळ्ळिकरणै ही विस्तीर्ण दलदल पसरलेली आहे. २०२२ साली तिची गणना जागतिक महत्त्वाच्या पाणथळ प्रदेशांत झाली. एकीकडे कचेऱ्यांची आखीवरेखीव आवारे आणि दुसरीकडे दलदल, अशी ह्या जागेची ठेवण आहे. यंत्राची परीक्षा पाहण्यास इतकी चांगली जागा शोधून सापडावयाची नाही.

अशा आवारांतून जी हिरवळ लावतात तिच्यात आपल्या ओळखीची हरळीही असते. आपण गणपतीला वाहतो त्याच ह्या दूर्वा. तमिळ बांधव तिला अरुगम्पुल् म्हणतात आणि तेही ती पिळ्ळैयारला, म्हणजे गणपतीलाच, वाहतात. ही हरळी मोठी चिवट. तुडवली तरी मरत नाही आणि पाऊस पडला की आठवड्याभरात हातभर धावते. तिला आवरण्याचे काम पूर्वी मेंढ्या करीत, नाहीतर विळे आणि कोयते. १८३० साली इंग्लंडमधील स्ट्राउड गावच्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. कापडगिरणीत लोकरी कापडाची लव कातरणारे जे यंत्र असे, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. ते यंत्र माणसाने ढकलायचे होते. माणूस यंत्रावर चढून बसला तो पुष्कळ नंतर, आणि तो बसल्यावरच निवडीचे खरे प्रश्न सुरू झाले.

आज बाजारात प्रामुख्याने चार जातींची यंत्रे दिसतात. पहिली जात बागेच्या ट्रॅक्टरची. पुढे इंजिन, मध्ये पोटाखाली पाती झाकणारे पोलादी कवच, ज्याला डेक म्हणतात, आणि हातात मोटारीसारखे चाक. चालवण्यास सोपे, किमतीने त्यातल्या त्यात कमी. परंतु वळणाला जागा फार खाणारे. झाडाला वळसा घातला की भोवती न कापलेल्या गवताचे एक कडे राहतेच.

दुसरी जात झीरो-टर्न यंत्रांची. मराठीत आपण त्यांना शून्य-वळणाची यंत्रे म्हणू. ती १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत निघाली. त्यांना सुकाणूचे चाक नसते. दोन दांडे असतात. मागच्या दोन्ही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारी स्वतंत्र गती असते, आणि एक चाक पुढे व दुसरे मागे फिरवले की यंत्र जागच्या जागी गिरकी घेते. पुढची चाके खुर्चीच्या चाकांसारखी, वाट फुटेल तिकडे वळणारी असतात. ह्याच जातीचे एक भावंड उभ्याने चालवायचे असते. ते थोड्या जागेत मावते आणि संकटसमयी माणसाला पटकन उतरता येते.

तिसऱ्या जातीत पात्यांचा डेक यंत्राच्या पुढे, चालकाच्या नजरेसमोर असतो. झाडाच्या खाली झुकलेल्या फांद्यांत आणि बाकांखाली तो सहज शिरतो. मात्र ही यंत्रे महाग आणि वजनदार. चौथी जात फिरत्या रुळाच्या पात्यांची. वरील तिन्ही जाती गवताला फटका मारून तोडतात. ही जात कात्रीसारखी कातरते. क्रिकेटचे मैदान किंवा गोल्फची हिरवळ ह्यांसाठी ती हवी. परंतु जमीन तेथे तळहातासारखी सपाट पाहिजे आणि धार लावणारा हातही कसबी पाहिजे. कचेरीच्या आवारात तिचे फारसे काम नाही.

विक्रेता आपल्याला बहुधा एकच गोष्ट सांगतो: ताशी इतके एकर. ह्या आकड्याची उलटतपासणी घेण्याची रीत सोपी आहे. डेकची रुंदी मीटरमध्ये घ्यावी, तिला ताशी किलोमीटरच्या वेगाने गुणावे आणि दहाने भागावे. म्हणजे ताशी हेक्टर निघतात. परंतु हे झाले कागदावरचे काम. वळणे, पट्ट्यावर पट्टा चढवणे, कापलेले गवत रिकामे करणे ह्यांत वेळ जातो, म्हणून त्यातून वीस ते तीस टक्के वजा करावे. १०७ सेंटिमीटर रुंदीचा बागेचा ट्रॅक्टर ताशी ६ किलोमीटरने चालला, तर सगळी वजावट जाता तासाला सुमारे १.१ एकर होतो. १३२ सेंटिमीटरचे शून्य-वळणाचे यंत्र ताशी १० किलोमीटरने गेले, तर सुमारे २.६ एकर होतो. मागे चालत ढकलण्याचे ४६ सेंटिमीटरचे यंत्र तासाला एक तृतीयांश एकराच्या आसपास राहते.

हे आकडे ऐकून कोणीही म्हणेल, मग विचार कसला? शून्य-वळणाचे यंत्र घ्यावे. येथेच आपल्याला थांबले पाहिजे. समजा, पेरुंगुडीच्या एका मक्तेदाराकडे तीन आवारे मिळून ८ एकर हिरवळीचे काम आहे. त्यांपैकी ३ एकर तर फुलझाडांच्या वाफ्यांमधल्या पट्ट्या, पायऱ्यांलगतचे तुकडे आणि वाहनतळातील बेटे ह्यांत वाटले गेलेले आहे. तेथे कोणतेही मोठे यंत्र शिरत नाही. ते हातानेच कापावे लागणार. राहिले ५ एकर. शून्य-वळणाचे यंत्र ते दोन तासांत उरकील, ट्रॅक्टर साडेचार तासांत. परंतु दोन्ही यंत्रे टेंपोत चढवून, त्या गर्दीच्या रस्त्यावरून एका आवारातून दुसऱ्यात नेऊन उतरवण्यात तीन तास जाणारच. म्हणजे प्रत्यक्षात तुलना दोन आणि साडेचारची नाही. पाच आणि साडेसातची आहे. दुपटीहून अधिक भासणारा वेग दीडपटीवर येऊन बसला.

आणखी पुढे पाहू. वर्षात अशा चोवीस कापण्या धरल्या, तर ते महागडे यंत्र वर्षाला अवघे ४८ तास चालेल. त्याचे आयुष्य दोन हजार तासांचे मानले, तर ते झिजायला चाळीस वर्षे लागतील! समुद्रालगतच्या खाऱ्या हवेत ते झिजण्यापूर्वीच गंजून जाईल आणि कर्जाचे व्याज मात्र दर महिन्याला ताजेतवाने राहील. अशा मक्तेदाराने साधा ट्रॅक्टर घेणे शहाणपणाचे. उलट, एखाद्याकडे यंत्र शिरू शकेल अशी मोकळी ४० एकर हिरवळ असेल, तर ट्रॅक्टरला वर्षाला सुमारे ८७० तास राबावे लागेल. घरगुती कामासाठी बनवलेला ट्रॅक्टर त्या ओझ्याखाली लवकरच मोडेल. शून्य-वळणाचे मजबूत यंत्र तेच काम सुमारे ३७० तासांत करील, आणि तेथे त्याची किंमत वसूल होईल. तात्पर्य, एकूण क्षेत्रफळ विचारू नये. यंत्र जाऊ शकेल असे क्षेत्रफळ किती, हे विचारावे. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी होतो, आणि भांडवल रिकामे बसू देऊ नये हा त्या शास्त्रातला पहिला धडा येथे अक्षरशः लागू पडतो.

हा झाला पैशाचा हिशेब. जमिनीचा हिशेब निराळा आहे. महाराष्ट्रात पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. चेन्नईला तो मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. २०१५ आणि २०२३ ह्या दोन्ही वर्षी डिसेंबरात ह्या दक्षिण भागात किती पाणी साचले, हे आपण वृत्तपत्रांत वाचले आहे. गवत सर्वांत जोराने वाढते ते ह्याच दिवसांत, आणि जमीन सर्वांत मऊ असते तीही ह्याच दिवसांत. चार-पाचशे किलोचे यंत्र त्या वेळी आत घातले तर चाकांचे चर पडतात, माती दाबली जाते, आणि मुळांना हवा मिळेनाशी झाली की हिरवळ पिवळी पडते. म्हणून मोठ्या यंत्राबरोबर हलकी ढकलयंत्रे ठेवावीच लागतात, आणि टायर रुंद व कमी हवेचे निवडावे लागतात. आणखी एक सावधगिरी. कित्येक नव्या आवारांत हिरवळ जमिनीवर नसते, तळघरातील वाहनतळाच्या छतावर असते. त्या छतावर किती भार चालेल, हे स्थापत्य-अभियंत्याला लेखी विचारल्यावाचून तेथे मोठे यंत्र नेऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शून्य-वळणाच्या यंत्राची दिशा केवळ मागच्या दोन चाकांच्या पकडीवर अवलंबून असते. ओल्या उतारावर ती पकड सुटली, की दांडे कितीही ओढले तरी यंत्र खाली घसरत जाते. पुढची मोकळी चाके काहीच मदत करीत नाहीत. असा उतार एखाद्या तळ्याच्या काठाला किंवा भिंतीच्या टोकाला संपत असेल, तर यंत्र उलटून माणूस त्याखाली सापडतो. म्हणून उतारावर उत्पादकाने सांगितलेली मर्यादा पाळावी. ती बहुधा पंधरा अंशांच्या आत असते. बसून चालवण्याचे यंत्र उतारावर वरखाली न्यावे, आडवे नेऊ नये. ढकलण्याचे यंत्र मात्र आडवेच चालवावे. चालकाच्या डोक्यामागे संरक्षक कमान असेल तर ती उभी ठेवून पट्टा बांधावा. कमान नसेल तर पट्टा बांधू नये, कारण तेव्हा उडी मारता येणे हाच बचाव असतो.

पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३५० किलोमीटरच्या जवळपास जाऊ शकतो. गवतातला एक खडा त्या वेगाने कोणाच्या डोळ्याकडे निघाला, तर काय होईल ह्याची कल्पना करावी. चालक उठताच पाती थांबवणारी एक कळ आसनाखाली असते. काम लवकर व्हावे म्हणून ती तारेने बांधून ठेवण्याची जी खोड काही ठिकाणी आढळते, ती म्हणजे जिवाशी खेळ आहे.

पाणकाठाच्या पट्टीविषयी एक सुचवावेसे वाटते. दलदलीलगतच्या किंवा तळ्याकाठच्या जागी अगदी पाण्यापर्यंत गवत कापण्याचा हट्ट कशाला? ती दोन-तीन मीटरची पट्टी वाढू द्यावी. पावसाबरोबर वाहून येणारा गाळ ती अडवील, पाखरांना आडोसा देईल, आणि ज्या ठिकाणी यंत्र पाण्यात जाण्याचा धोका सर्वांत अधिक, तेथे माणसाला पाठवावेच लागणार नाही.

सरकारी कचेरीत वर्षे काढलेल्या माणसाला ह्या साऱ्यात एक गोष्ट विशेष दिसते. आपण निविदा काढतो तेव्हा तीत लिहितो, ‘हिरवळ इतके एकर, दर प्रति एकर.’ आणि मग सर्वांत कमी दराला काम देतो. मक्तेदार तो दर गाठण्यासाठी एकच मोठे, वेगवान यंत्र आणतो, उन्हापावसात ते सगळीकडे फिरवतो आणि त्यावर आठवड्याची शिकवणीही न मिळालेला मुलगा बसवतो. दोष एकट्या मक्तेदाराचा नव्हे. आपण विचारलेल्या प्रश्नाचेच ते उत्तर असते. निविदेत मोकळी जागा, अरुंद जागा, उतार आणि पाणकाठ ही निरनिराळी मोजून लिहावी. पावसाळ्यात किती दिवस मोठे यंत्र बंद राहील ते आधीच ठरवावे आणि त्या दिवसांच्या हातकामाचा दर वेगळा मागवावा. चालकाची शिकवणी, संरक्षक कमान आणि चालू स्थितीतील आसनाची कळ ह्या अटी घालाव्या, आणि त्यांचा खर्च दरात येईल हे मान्य करावे.

यंत्र आले की माळ्याचे काम गेले, अशी एक भीती बोलली जाते. वर पाहिलेल्या हिशेबात ८ पैकी ३ एकर हातानेच कापावे लागत होते, हे आपण विसरू नये. कडा रेखणे, वाळलेले भाग पुन्हा लावणे, पाण्याची पाळी राखणे ही कामे तर वरीलपैकी कोणतेच यंत्र करीत नाही. बाहेरून चालक आणण्यापेक्षा जुन्या माळ्यालाच यंत्र शिकवावे आणि त्याचे वेतन वाढवावे. कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, कोणत्या झाडाचे मूळ वर आले आहे, हे त्याला ठाऊक असते. पुष्कळदा यंत्र वाचते ते ह्या माहितीमुळे.

तेव्हा श्रोतेहो, यंत्राच्या दुकानात जाण्यापूर्वी एकदा पायांनी सगळे आवार फिरावे. फाटकाची रुंदी मोजावी, उतार पाहावा, पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी मातीत टाच रोवून पाहावी, आणि जो माणूस उद्या त्या आसनावर बसणार आहे त्याला बरोबर न्यावे. एवढे केल्यावर चार यंत्रांपैकी कोणते घ्यावे, ह्याचे उत्तर बहुतेक वेळा त्याच फेरीत मिळून जाते.